वचनांची वही: आधी कच्चं, मग पडताळणी, मग पक्कं

ऐरोलीला आमच्या सोसायटीत जिन्यापाशी एक काळा फलक आहे. त्यावर रोज सकाळी एक वचन लिहायचं काम माझ्याकडे आहे. एकदा मी लिहिलं, ‘आपणासी जे जे ठावे, ते इतरांसी सांगावे, शहाणे करून सोडावे सकळ जन’, आणि खाली लिहिलं ‘दासबोध’. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या बाई फलकापाशी थांबल्या होत्या. आयुष्यभर मराठी शिकवलेलं. म्हणाल्या, “छान लिहिलंयस गं. कुठल्या समासातलं?”

मला सांगता आलं नाही. शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. ती ओवी दासबोधाच्या १९व्या दशकाच्या (भागाच्या) १०व्या समासात (प्रकरणात) आहे, १४वी. आणि छापलेली आहे ती अशी:

जितुकें कांहीं आपणासी ठावें ।
तितुकें हळुहळु सिकवावें ।
शाहाणें करूनि सोडावें ।
बहुत जन ॥

फलकावरच्या ओळीत ‘सकळ जन’ होतं, मुळात ‘बहुत जन’ आहे. म्हणजे समर्थ रामदास सगळ्यांना शहाणं करायचा दावा करत नाहीत, पुष्कळांना म्हणतात. फलकावर ‘सांगावे’ होतं, मुळात ‘सिकवावें’ आहे. सांगणं आणि शिकवणं यांत किती अंतर आहे हे शाळेतल्या कुठल्याही बाईंना विचारा. आणि सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे ‘हळुहळु’ हा शब्दच गळाला होता. शिकवण्याबद्दलचं खरं शहाणपण त्या एका शब्दात आहे, आणि नेमका तोच तोंडोतोंडी फिरताना पडला.

तेव्हापासून शेजारच्या, वाचनालयातल्या, ओळखीच्या बऱ्याच जणांच्या वचनांच्या वह्या मी पाहिल्या. मेहनत भरपूर असते. वही सुंदर, अक्षर सुंदर, रंगीत शाई. चूक बहुतेकांची एकच आणि ती क्रमाची असते. वचन दिसलं की लगेच पक्क्या वहीत उतरवतात आणि ‘कुठलं आहे ते नंतर बघू’ म्हणतात. ते नंतर येत नाही. शाईने लिहिलेलं खोडवत नाही, म्हणून चुकीचं तसंच राहतं आणि पुढे भाषणात, पत्रिकेत, मुलांच्या निबंधात जातं. दुकानदार आधी रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार लिहितो, मग ते खात्यांप्रमाणे खतावणीत चढवतो. आपल्यालाही तोच क्रम ठेवायचा आहे.

## तयारी: काय जवळ हवं

वह्या दोन लागतात. एकीत भागवायला जाऊ नका.

कच्ची वही खिशात किंवा पर्समध्ये मावेल इतकी लहान असावी. तिच्यात पेन्सिलीने लिहायचं. ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत उभ्याने लिहिता आलं पाहिजे, म्हणून पुठ्ठा जाड बघा.

पक्की वही २०० पानी, रेघांची, शिवलेल्या बांधणीची घ्या. स्पायरलची नको. वर्षा-दोन वर्षांत त्याची पानं भोकांपाशी फाटतात आणि नेमकं हवं ते पान हरवतं. पेन साधं बॉलपॉइंट. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातले कागदसुद्धा ओलसर लागतात, त्या दिवसांत जेल पेनाची आणि शाईपेनाची अक्षरं समोरच्या पानावर उमटतात. माझ्या पहिल्या वहीची वीसेक पानं अशी गेली. वही खाडीच्या बाजूच्या भिंतीला टेकून ठेवू नका. कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा आणि ऊन पडेल त्या दिवशी उघडून हवेशीर करा.

लिहायला सुरुवात करण्याआधी तीन कामं उरकून घ्या. सगळ्या पानांवर क्रमांक घाला, पहिली सहा पानं विषयसूचीसाठी कोरी सोडा आणि प्रत्येक पानावर डावीकडे दोन बोटं समास, म्हणजे कोरी पट्टी, आखा. हे ‘भरत जाईल तसं करू’ म्हणून सोडलेल्या वहीत पुढे काहीही सापडत नाही.

तपासा: पान क्रमांक १ ते २०० घालून झाले का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## १. टिपणं: त्याच दिवशी, आहे तसं

वचन वाचलं किंवा ऐकलं की त्याच दिवशी कच्च्या वहीत घ्या. त्यासोबत तीन गोष्टी लिहा: तारीख, कुठे भेटलं, कोणाच्या नावावर भेटलं. ‘कोणाचं आहे’ असं लिहू नका, ‘कोणाच्या नावावर भेटलं’ असं लिहा. पुढची सगळी पडताळणी या फरकावर उभी राहते.

पुस्तकात भेटलं तर फोनवर तीन फोटो काढा: वचनाचं पान, मुखपृष्ठाच्या आतलं शीर्षकाचं पान, आणि आवृत्ती व प्रकाशनवर्ष छापलेलं पान. तिसरा फोटो जवळजवळ सगळे विसरतात. पुस्तक वाचनालयाला परत गेल्यावर तेच पान हवं असतं. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीची रेघसुद्धा मारू नका. कागदाची पट्टी घाला आणि परत देण्याआधी काढून घ्या.

व्याख्यानात ऐकलं असेल, ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये म्हणा किंवा कुठल्या मंडळाच्या सभागृहात, तर वक्त्याला कार्यक्रम संपल्यावर भेटून एकच प्रश्न विचारा: “हे तुम्ही कुठे वाचलंत?” बरेच वक्ते आनंदाने सांगतात. न सांगता आलं तर तीही एक माहितीच आहे, ती टिपा.

सावधान: बोलून टाइप करायची सोय इथे वापरू नका. जुन्या मराठीतलं ‘ठावें’, ‘सिकवावें’, ‘म्हणोनियां’ तिला कळत नाही आणि ती आपल्या मनाने आधुनिक शब्द घालते. फोटोतून मजकूर उचलणारी साधनंही जोडाक्षरांत घसरतात. अक्षर अक्षर ताडून घ्या.

## २. धागा काढणं: हे माझ्यापर्यंत कोणत्या वाटेने आलं

आठवड्यातून एकदा, मी रविवारी सकाळी करते, कच्ची वही घेऊन बसायचं आणि प्रत्येक टिपणाच्या बाजूला एक अक्षर घालायचं.

‘मू’ म्हणजे मूळ पुस्तक मी स्वतः हातात घेऊन पाहिलं. ‘दु’ म्हणजे दुसऱ्या पुस्तकात कोणीतरी ठिकाण देऊन उद्धृत केलेलं. ‘ऐ’ म्हणजे ऐकीव: फॉरवर्ड, दिनदर्शिका, रिक्षाची पाठ, शाळेचा फलक, सजवलेलं चित्र.

सुरुवातीला जवळजवळ सगळं ‘ऐ’ निघेल. त्यात कमीपणा काही नाही, बहुतेक चांगली वचनं आपल्याला ऐकूनच भेटतात. फक्त ‘ऐ’ असलेलं वचन थेट पक्क्या वहीत जाणार नाही, हा नियम मोडायचा नाही.

## ३. पडताळणी

सगळ्यात जास्त वेळ हीच पायरी घेते आणि घाईही हिच्यातच होते. एका बैठकीत दोन-तीन वचनांपेक्षा जास्त हाती घेऊ नका.

अ. मूळ ग्रंथात शोधा. संतवाङ्मय आणि जुने लेखक यांच्यासाठी विकिस्रोत हे मोफत ऑनलाइन ग्रंथालय उपयोगी पडतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरही बरीच पुस्तकं मोफत आहेत. पण शोधायची पद्धत चुकली की असलेलंही सापडत नाही. माझी दुसरी संध्याकाळ त्यातच गेली. मी ‘शहाणे’ शोधत होते आणि छापलेलं होतं ‘शाहाणें’. मग अंदाजाने ‘शिकवावे’ शोधलं आणि तिथे होतं ‘सिकवावें’. शेवटी ‘सोडावें’ या शब्दाने ओवी हाती लागली.

म्हणून शोधताना आधी अनुस्वारासकट आणि मग अनुस्वाराशिवाय बघा. श-स, ऱ्हस्व-दीर्घ उलटसुलट करून बघा. पूर्ण ओळ टाकू नका, तिच्यातला कमी वापरातला एकच शब्द टाका. तरी नाही मिळालं तर वचनाचा विषय ज्या भागात येण्याची शक्यता आहे तो भाग सरळ वाचून काढा. दासबोधात प्रत्येक समासाला विषयाचं नाव आहे, त्यामुळे हे वाटतं तितकं अवघड नाही.

छापील प्रत हवी असेल तर ठाण्यात १८९३ पासून चालत आलेलं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. नवी मुंबईत आपल्या नोडमधल्या, म्हणजे आपल्या विभागातल्या, वाचनालयात आधी चौकशी करा. ग्रंथपालांना ‘वचन शोधायचंय’ असं मोघम सांगू नका. कोणत्या ग्रंथाची कोणती प्रत हवी ते चिठ्ठीवर लिहून न्या. काम झटकन होतं.

आ. आवृत्ती लिहा. तुकोबांच्या अभंगांचे क्रमांक प्रत्येक गाथेत सारखे नसतात. शासकीय गाथेत ४६०७ अभंग आहेत, इतर प्रतींत संख्याही वेगळी आणि क्रमही वेगळा. ज्ञानेश्वरीतले ओवीक्रमांकसुद्धा प्रतीगणिक एक-दोनाने सरकतात. नुसता क्रमांक लिहिला आणि प्रत लिहिली नाही, तर वर्षभराने तुम्हीच ते शोधू शकणार नाही.

इ. छंद म्हणून बघा. ही युक्ती मला तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी शिकवली आणि फार कामाची आहे. ‘दिसामाजी काही तरी ते लिहावे, प्रसंगी अखंडित वाचीत जावे’ ही ओळ सर्रास ‘दासबोध’ म्हणून फिरते. ती मोठ्याने म्हणा. मग ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ म्हणा. चाल तीच लागते, कारण दोन्ही भुजंगप्रयात या वृत्तात आहेत. दासबोध ओवीबद्ध आहे. म्हणजे पुस्तक न उघडताही ‘दासबोध’ हा पत्ता बाद होतो. ओळ कोणाची हा प्रश्न उरतोच, पण चुकीचं घर तरी कळलं.

ई. भाषा ऐका. शिवरायांच्या किंवा तुकोबांच्या नावावर आलेल्या वाक्यात ‘सकारात्मक दृष्टिकोन’, ‘ध्येय गाठणे’, ‘आत्मविश्वास वाढवणे’ असले शब्द दिसले की थांबा. ही आजची भाषा आहे. शेवटी ‘तुका म्हणे’ जोडलं म्हणून अभंग होत नाही.

उ. नाव नीट बघा. बहिणाबाई दोन. ‘संतकृपा झाली, इमारत फळा आली’, ज्यात ‘तुका झालासे कळस’ येतं, ते तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाईंचं. ‘अरे संसार संसार’ हे खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींचं, त्यांचा काळ १८८० ते १९५१. वह्यांमध्ये या दोघींची सरमिसळ मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता ‘बहिणाबाई’ एवढंच दिसलं तर मी पुढे वाचतच नाही, आधी विचारते.

ऊ. भाषांतर असेल तर मूळ भाषेपर्यंत जा. बाबासाहेबांनी १९४२ मध्ये नागपूरला इंग्रजीतून केलेल्या भाषणात तीन शब्दांचा क्रम ‘एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ’ असा आहे. मराठीत आपण ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ म्हणतो. दुसरा आणि तिसरा शब्द जागा बदलतात. शिकल्यावर आधी पेटून उठायचं आणि मग संघटित व्हायचं, की आधी संघटित व्हायचं? ज्याला हे वचन खरोखर जगायचं आहे त्याच्यासाठी हा फरक लहान नाही. वहीत दोन्ही रूपं लिहा आणि कोणतं कुठलं ते लिहा.

तसंच बुद्धांचं ‘अत्त दीप भव’. महापरिनिब्बानसुत्तात, म्हणजे बुद्धांच्या अखेरच्या दिवसांवरच्या सुत्तात, पाली शब्द ‘अत्तदीपा विहरथ’ असे आहेत. पालीत ‘दीप’ म्हणजे दिवाही होतो आणि बेटही होतं. स्वतःचा दिवा व्हा की स्वतःचं बेट व्हा, दोन्ही चित्रं डोळ्यांसमोर आणून बघा. पुरात अडकलेल्या माणसाला दुसरं जास्त कळेल.

ऋ. सापडलंच नाही तर? बरीच सापडत नाहीत. ‘जगात जो बदल पाहायचा आहे तो आधी स्वतः व्हा’ हे वाक्य गांधीजींच्या नावावर सगळीकडे आहे, पण त्यांच्या लेखनात या शब्दांत ते मिळत नाही. १९१३ च्या एका लेखात आपण स्वतः बदललो तर जगाची वृत्तीही बदलेल अशा आशयाचं विधान आहे, तेच घ्या. पर्यायी मजकूरही मिळाला नाही आणि वचन मात्र मनाला लागलंय, तर ते फेकू नका. ‘ऐकीव’ असं स्पष्ट लिहून ठेवा. खोट्या नावापेक्षा नाव नसलेलं बरं.

सावधान: दहा ठिकाणी एकच नाव दिसलं म्हणजे दहा पुरावे झाले असं नाही. सगळ्यांनी एकमेकांचं उतरवलेलं असतं. पुरावा म्हणजे पुस्तक, पान, आवृत्ती.

## ४. आगेमागे वाचणं

मूळ सापडलं की लगेच वही उघडायचा मोह होतो. तिथेच थांबा. सापडलेल्या ओळीच्या आधीच्या दहा आणि नंतरच्या दहा ओळी वाचा. गद्य असेल तर आधीचा आणि नंतरचा परिच्छेद.

कारण एक. ‘सामर्थ्य आहे चळवळेचे, जो जो करील तयाचे’ एवढंच आपण बॅनरवर वाचतो. दासबोधाच्या २०व्या दशकातल्या ४थ्या समासातली ही २६वी ओवी आहे आणि तिचा उत्तरार्ध ‘परंतु येथें भगवंताचें अधिष्ठान पाहिजे’ असा आहे. ‘परंतु’च्या पुढे समर्थांनी अट घातली आहे. अट मान्य असो वा नसो, ती कापून वचन त्यांच्या नावावर खपवणं बरोबर नाही.

कारण दोन. ‘विद्येविना मती गेली’ ही जोतीराव फुल्यांची ओळ शाळांच्या भिंतींवर असते. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, १८८३ साली, ती एका साखळीची पहिली कडी आहे: मतीविना नीती, नीतीविना गती, गतीविना वित्त, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले. पहिलीच कडी घेतली तर ‘अभ्यास करा’ एवढाच उपदेश उरतो. पूर्ण घेतली तर ज्ञान नाकारलेल्या माणसांची दरिद्री अवस्था कशी घडवली गेली याची कारणपरंपरा समोर येते. शेवटची दोन वाक्यं लिहायची नसतील तर पहिलंही लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कधी उलटंही होतं. शोधायला गेलं एक आणि शेजारी सापडलं दुसरं. ‘जितुकें कांहीं आपणासी ठावें’च्या पुढचीच ओवी मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाचली: ‘परोपरीं सिकवणें, आडणुका सांगत जाणें’. आडणुका म्हणजे अडचणी, अडथळे. शिकवायचं ते तऱ्हेतऱ्हेने, आणि वाटेत माणूस कुठे अडतो तेही सांगत जायचं. ही ओवी मी कुठल्याच फलकावर पाहिली नव्हती. आता माझ्या वहीत ती नोंदींच्या पहिल्या पानावर आहे.

तपासा: वचन कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे मूळ पाहून ठरवलंत का? मधलं काही गाळलं असेल तर तिथे तीन टिंबं द्या.

## ५. पक्क्या वहीत उतरवणं

आता कुठे शाईचं काम. पुस्तक किंवा फोटो समोर ठेवून उतरवा, आठवणीतून नाही. पाठ असलेली ओळच जास्त चुकते, कारण आपण ती बघत नाही.

जसं छापलंय तसंच घ्या. ‘सिकवावें’चं ‘शिकवावे’ करू नका. बहिणाबाईंच्या ‘तंव्हा मिळते भाकर’मधल्या ‘तंव्हा’ला ‘तेव्हा’ केलं की खानदेश गेला आणि त्याबरोबर ओळीचा ठेकाही गेला. तुम्हाला कठीण वाटणाऱ्या शब्दाचा अर्थ समासात लिहा, ओळीत घुसवू नका. हेच तुकोबांच्या ‘भले तरि देऊं’ या ओळीलाही लागू. बोलण्यात आपण ‘कासेची लंगोटी’ आणि ‘माथी हाणू काठी’ म्हणतो. गाथ्यात कासेच्या जागी उघडा गावरान शब्द आहे आणि पुढे ‘काठी देऊं माथां’ आहे. संकोच वाटत असेल तर ती ओळ वहीत घेऊ नका, पण घेतलीत तर तुकोबांची घ्या, सोवळी केलेली नको.

माझ्या वहीतली एक नोंद अशी दिसते:

जितुकें कांहीं आपणासी ठावें । तितुकें हळुहळु सिकवावें । शाहाणें करूनि सोडावें । बहुत जन ॥
रामदास, दासबोध, १९.१०.१४. मू.
प्रत: (प्रकाशक, आवृत्ती, वर्ष, पान)
आधी भेटलं: तोंडी, ‘सकळ जन’ या रूपात.
समासात: ठावें = माहीत. पुढची ओवी १५ पण पाहा.

‘आधी भेटलं’ ही ओळ बहुतेकांना फालतू वाटते. ठेवा. वर्षभराने कोणी ‘अहो, हे असं नाहीये’ म्हणालं की तीच कामाला येते.

एका पानावर दोनच नोंदी. जागा वाया जात नाही, ती पुढच्या पायरीसाठी आहे.

तपासा: उतरवून झाल्यावर ओळ उलटी वाचा, शेवटच्या शब्दापासून पहिल्यापर्यंत, मूळ समोर धरून. सरळ वाचताना डोळा चूक गिळतो.

## ६. स्वतःच्या दोन ओळी

या पायरीशिवाय वही नुसती नकलांची राहते. प्रत्येक वचनाखाली दोन ओळी आपल्या लिहा. अर्थ लिहू नका, तो वचनातच आहे. हे आपल्याला आत्ता का लागलं, ते लिहा.

‘जितुकें’च्या खाली माझ्या ओळी अशा आहेत: ‘मुलाला भागाकार शिकवताना तिसऱ्यांदा चुकला की माझा आवाज चढतो. काल तो पाटी सोडून उठला. हळुहळु.’ एवढंच. त्या तारखेनंतर गणिताला बसले की मी आधी ते पान उघडत असे. वचन पाठ होतं, तरी उघडत असे. स्वतःच्या हातची ती ‘पाटी सोडून उठला’ ही ओळ दिसली की माझा आवाज खाली येई.

उपदेशाच्या सुरात लिहू नका. ‘आपण सर्वांनी’ असं वाक्य सुरू झालं की खोडा. जागा, दिवस, माणूस, घडलेली गोष्ट, एवढं पुरे. एकही ओळ सुचत नसेल तर ते वचन तुमचं अजून झालेलं नाही. कच्च्या वहीत परत ठेवा.

## ७. विषयसूची

वीस-पंचवीस नोंदी झाल्या की कोऱ्या सोडलेल्या सहा पानांवर सूची करा. ‘जीवन’, ‘यश’, ‘प्रेम’ असे मथळे घेऊ नका. त्यांत सगळंच बसतं आणि मग काहीच सापडत नाही. जेव्हा वचन लागतं त्या वेळेचं नाव द्या: ‘शिकवताना’, ‘राग आल्यावर’, ‘उधार मागायला कोणी आलं तर’, ‘आजारी माणसापाशी बसताना’, ‘काम अर्धं राहिलं’. पुढे फक्त पानाचा क्रमांक. एक वचन दोन-तीन मथळ्यांखाली आलं तर येऊ द्या.

## ८. फिरवणं आणि गाळणं

वही कपाटात ठेवली की मेली. रोज एक पान वाचा, जास्त नको. मी ऐरोलीहून ठाण्याला जाताना वाचते. मध्ये दिघा गाव हे एकच स्टेशन, तेवढ्यात एक पान आरामात होतं.

वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, सगळी वही चाळा. ज्या वचनापाशी काहीच हलत नाही त्याच्या समासात एक टिंब द्या. लागोपाठ तीन वर्षं टिंब पडलं तर सूचीतून क्रमांक काढा. पान फाडू नका, मागचं वचन जातं. नवीन काही लक्षात आलं तर जुन्या दोन ओळींखाली तारीख घालून लिहा. जुन्या ओळी खोडू नका, आज वेगळं वाटत असलं तरी.

## ९. दुसऱ्यांपुढे ठेवताना

फलक, शाळेचं भाषण, निरोप समारंभ, लग्नपत्रिका, शोकसभा. इथे घेताना फक्त ‘मू’ असलेली वचनं घ्या. ‘दु’ असेल तर ‘अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’ असं म्हणा. ‘ऐ’ असेल तर नाव न घेता, ‘कोणीतरी म्हटलंय’ म्हणून सांगा. लोकांना ते चालतं.

फलकावर ओळीखाली ग्रंथ आणि जागा लिहा: दासबोध १९.१०.१४. त्याने एक गोष्ट घडते ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी तो आकडा हातावर लिहून नेला आणि घरी पोथी काढून बघितलं.

शोकसभेत मरणावरची वचनं वाचून दाखवू नका. घरच्यांना त्या वेळी तत्त्वज्ञान नको असतं. गेलेल्या माणसाच्या स्वभावाला लागू पडेल असं एक वचन निवडा. ‘ऐसी कळवळ्याची जाती, करी लाभाविण प्रीती’ हे तुकोबांचं, माणूस तसा असेल तर, पुरेसं असतं.

निवडक वचनांची पुस्तिका छापून वाटायची असेल, साठीशांतीला किंवा गृहप्रवेशाला लोक छापतात, तर जुन्या संतवाङ्मयाला अडचण नाही. अलीकडच्या लेखकांचे मोठे उतारे किंवा पूर्ण कविता घेणार असाल तर प्रकाशकाची लेखी परवानगी काढा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो.

आणि चुकलेलं लिहून गेलं तर त्याच फलकावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती लिहा. गुपचूप पुसून नवीन वचन लिहिलं तर ज्यांनी जुनं उतरवून नेलं त्यांच्याकडे चूक तशीच राहते. मी दुसऱ्या रविवारी लिहिलं: ‘मागे लिहिलेली ओवी चुकीची होती. मूळ अशी आहे’, आणि खाली चारही चरण, आकड्यासकट. बाई भाजी घेऊन येत होत्या. पिशवी खाली ठेवून त्यांनी चष्मा लावला, पूर्ण वाचलं आणि म्हणाल्या, “हळुहळु. हं. आता पंधरावी पण लिही उद्या.”